कुरसुरा : एकही जहाज न बुडवलेल्या पाणबुडीची एकतीस वर्षं

किनाऱ्यावरचा

गेल्या महिन्यात विशाखापट्टणमला जाणं झालं. रामकृष्ण बीचवर 'आयएनएस कुरसुरा' ही जुनी पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. बरोबर बारा वर्षांचा भाचा होता. आत शिरलो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आलो, वाटेत गोल दरवाजाच्या कडेवर डोकं आपटून घेतलं आणि पाऊण तासात बाहेर. बाहेर आल्याआल्या भाच्याने विचारलं, "मामा, हिने किती जहाजं बुडवली?"

"एकही नाही."

त्याचा चेहरा असा काही पडला की तिकिटाचे पैसे परत मागतो की काय असं वाटलं. घरी आल्यावर मी तिच्या नोकरीचा इतिहास वाचत बसलो, आणि जे सापडलं ते इथे टाकतोय. जाणकारांनी भर घालावी, चुका काढाव्यात.

कुरसुरा नौदलात दाखल झाली १८ डिसेंबर १९६९ रोजी, रिगा बंदरात. तेव्हाचा सोव्हिएत संघ, आजचा लाटव्हिया. आपण सोव्हिएतांकडून घेतलेल्या पहिल्या चार पाणबुड्यांतली ही चौथी. पहिली कलवरी, ८ डिसेंबर १९६७ची. तिच्यामुळेच ८ डिसेंबर हा आपला पाणबुडी दिन. मग खांदेरी, करंज आणि शेवटी ही. नाटोवाल्यांनी या जातीला 'फॉक्सट्रॉट' नाव दिलं, सोव्हिएतांच्या कागदावर ती 'प्रकल्प ६४१'. लांबी ९१.३ मीटर, तीन डिझेल इंजिनं, तीन विद्युत मोटारी, तीन पंखे (प्रोपेलर). पुढे सहा आणि मागे चार अशा दहा नळ्या आणि त्यांतून सोडायचे २२ पाणतीर (टॉर्पेडो). माणसं साधारण पंचाहत्तर.

घरी येण्याचा प्रवासच बघा. सुएझ कालवा १९६७च्या युद्धापासून बंद होता. म्हणजे बाल्टिकमधून निघायचं आणि सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून यायचं. फेब्रुवारी १९७०मध्ये निघाली. स्वीडनमधलं गॉथेनबर्ग, स्पेनमधलं ला कोरुन्या, घानातलं ताकोराडी, मॉरिशस आणि मग भारत, एप्रिलमध्ये. नवी कोरी बोट, तिच्यावर नवी कोरी माणसं, आणि पहिलाच प्रवास अर्ध्या जगाचा.

मग १९७१. इथे माझी उत्सुकता सगळ्यात जास्त होती. नोव्हेंबरच्या मध्याला ती अरबी समुद्रात गस्तीवर गेली. दोन क्षेत्रं नेमून दिली होती. पहिल्या क्षेत्रात २५ नोव्हेंबरपर्यंत, दुसऱ्यात ३० तारखेपर्यंत. त्या दिवशी समुद्रातच करंजची गाठ घेतली, सूचनांची देवाणघेवाण केली आणि मुंबईची वाट धरली. मुंबईत पोचली ४ डिसेंबरला. युद्धाला तोंड फुटलं ३ डिसेंबरच्या संध्याकाळी, आणि ४च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. थोडक्यात, युद्ध सुरू होता होता ही घरी परतली होती.

शिवाय आज्ञा कडक होत्या. व्यापारी जहाजांचे ठरलेले मार्ग ओलांडायचे नाहीत. लक्ष्याची ओळख पक्की पटल्याशिवाय किंवा स्पष्ट हुकूम आल्याशिवाय पाणतीर सोडायचा नाही. ज्यांनी पेरिस्कोपमधून दूरचं जहाज बघितलंय ते सांगतील, पण मला वाटतं रात्रीच्या अंधारात 'ओळख पक्की' हे दोन शब्द फार महाग असावेत.

पुढचा भाग मात्र कुठल्याच गौरवगाथेत घालत नाहीत. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कुरसुरा काही वर्षं बंद पडून होती. सुटे भाग मिळेनात, म्हणून तिचे भाग काढून बहिणींना लावले गेले. नंतर तिची मोठी दुरुस्ती झाली आणि ऐंशीच्या दशकात ती पुन्हा समुद्रात उतरली. २००१मध्ये निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२पासून लोकांसाठी खुली आहे. एकूण प्रवास ७३,५०० सागरी मैल.

भाच्याला काय उत्तर द्यायला हवं होतं, हे अजून कळत नाहीये.

शंकेखोर

लेख आवडला, पण हिशेब करू द्या. ७३,५०० भागिले ३१. वर्षाला अडीच हजारसुद्धा भरत नाहीत. पृथ्वीचा घेर २१,६०० सागरी मैल धरला तर उभ्या आयुष्यात जेमतेम साडेतीन फेऱ्या. एखादं मालवाहू जहाज वर्षभरात एवढं करत असेल. त्यातला मोठा तुकडा तर रिगाहून घरी येण्यातच गेला. भाच्याचा चेहरा पडला त्यात त्याची चूक नाही राव.

खांदेरीकर

शंकेखोर, पाणबुडीचं काम मैल कापणं नसतंच मुळी. ट्रक आणि दारावरचा कुत्रा यांची तुलना किलोमीटरमध्ये करणार का? :)

अवांतर: या चारांतल्या दोन नावांशी आपलं नातं आहे. करंज म्हणजे उरणजवळचं करंजा बेट. आणि खांदेरी तर काय, थळच्या समोरचा जलदुर्ग. महाराजांनी १६७९मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही तुटून पडले होते. मायनाक भंडारीने भर समुद्रात, बांधकाम चालू असताना, तो टिकवला. लहान होड्यांमधून रात्री सामान नेऊन पोचवायचं आणि मोठ्या गलबतांना हुलकावणी द्यायची. पाणबुडीला हे नाव सुचवणाऱ्याला इतिहास माहीत होता म्हणायचं.

जुना तारवाला

बरेच महिने इथे नुसता वाचक आहे. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

मी फॉक्सट्रॉटवर होतो. कुरसुरावर नाही, तिच्या एका बहिणीवर, इलेक्ट्रिकल शाखेत. कोणती आणि कधी ते सोडा.

शंकेखोर यांचा भागाकार बरोबर आहे, अर्थ चुकतोय. पाण्याखाली दबा धरून असताना बोट चार-पाच नॉटने, म्हणजे तासाला चार-पाच सागरी मैलांनी जाते, कधी त्याहून कमी. पाच नॉट धरले तरी चोवीस तासांत १२० मैल. आठवडाभर एका चौकोनात फिरत राहिलात तर नोंदवहीत मैल किती पडणार? हळू जाण्यासाठी तर तिच्यावर वेगळी छोटी मोटार होती, १४० अश्वशक्तीची. मोठ्या मोटारी बंद, मधला पंखा तेवढा हलक्या हाताने फिरतोय, आणि सगळी बोट कान देऊन बसलेली. तसे दिवस मैलात मोजत नाहीत.

आता मुळात ही बोट चालते कशी ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. डिझेलला हवा लागते. पाण्याखाली हवा नाही, म्हणून पाण्याखाली बॅटरीवर चालायचं. बॅटरी म्हणजे तुमच्या गाडीतल्यासारखीच, शिसं आणि आम्ल, पण एकेक सेल माणसाच्या छातीपर्यंत येणारा, आणि असे ४४८. एकशेबारांचे चार गट, दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्याच्या जमिनीखाली. वर माणसं झोपतायत, जेवतायत, खाली आम्ल. त्या खड्ड्यात आम्ही पोटावर सरपटत जायचो. हातातलं घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी सगळं आधी वर काढून ठेवायचं. प्रत्येक सेलची घनता मोजायची, शुद्ध पाणी घालायचं, पुढच्याकडे सरकायचं. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन होतो आणि चार्ज करताना हायड्रोजन सुटतो. एक गुदमरवतो, दुसरा उडवतो. म्हणून हायड्रोजनचा आकडा हा त्या घरातला सर्वात लाडका आकडा, तासातासाला विचारपूस.

बॅटरी उतरली की भरायला हवी. भरायची तर डिझेल चालवायला हवं. त्यासाठी स्नॉर्कल. बोट पेरिस्कोपच्या खोलीवर आणायची, हवेची नळी पाण्याबाहेर काढायची आणि इंजिनं सुरू. हे शक्यतो रात्रीच. समुद्र शांत असेल तर ठीक. लाट नळीवरून गेली की तोंडावरची झडप आपोआप बंद होते, नाहीतर पाणी आत येईल. पण खाली इंजिनं तर चालूच असतात. ती मग बोटीतलीच हवा ओढतात. एका क्षणात कानाचे पडदे आतून कुणीतरी खेचल्यासारखे होतात. लाट गेली, झडप उघडली, हवा धाडकन आत, कान पुन्हा फट्. पावसाळी समुद्रात हे मिनिटाला चार-पाच वेळा, तासन्तास. पहिल्या फेरीत मला वाटलं होतं आपण बहिरे होऊनच घरी जाणार. शेजारचा पंजाबी पोरगा त्यातच घोरत पडलेला.

आणि स्नॉर्कल करताना तुम्ही सगळ्या जगाला ऐकू जाता. इंजिनाचा आवाज, नळीचं टोक, धुराचा वास. लपण्यासाठी बांधलेल्या बोटीला रोज काही तास आपण कुठे आहोत हे थोडं थोडं सांगावं लागतं, हीच डिझेल पाणबुडीची गोम. १९७१ला त्या पंधरवड्यात कुरसुरावरच्यांनी हे रोज केलं असणार, तेही दुसऱ्याच्या दाराशी. पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडीसुद्धा त्याच सुमारास याच समुद्रात होती.

बाकी नंतर लिहितो, नातवाला शाळेतून आणायचंय.

चौकस

तारवाले काका, दंडवत. पुढच्या भागाची वाट बघतेय.

हंगोरचा विषय निघालाच आहे म्हणून. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री हंगोरने दीवच्या समुद्रात आपली युद्धनौका खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबरच गेले. हंगोरही डिझेल-इलेक्ट्रिकच, फ्रेंच बनावटीची. आणि विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडालेली पाकिस्तानची गाझीही डिझेल-इलेक्ट्रिकच, अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. कुरसुरा जिथे उभी आहे तिथून जवळच त्या युद्धाचं 'व्हिक्टरी ॲट सी' स्मारक आहे. म्हणजे त्या एका महिन्यात तीन पाणबुड्यांचं तीन तऱ्हांनी झालं. एकीने मारलं, एक मेली, एक गस्त घालून परत आली. भाच्याला हे तिन्ही सांगून बघा.

शंकेखोर

मैलांचा मुद्दा मागे घेतो. काका म्हणतात ते पटलं.

पण ते बंद पडून राहण्याचं प्रकरण? काही वर्षं एक अख्खी पाणबुडी धक्क्याला बांधून तिचे भाग काढत बसणं म्हणजे नियोजनाचा बोऱ्याच की. त्याला गोड नाव कशाला द्यायचं?

किनाऱ्यावरचा

गोड नाव मी दिलेलं नाही. :) पण माझा प्रश्नही तोच आहे. काका, तुमच्या काळात त्याबद्दल काय बोलायचे?

जुना तारवाला

आलो.

बोऱ्या म्हणा हवं तर. आम्ही साध्या शब्दांत 'कॅनिबल' म्हणायचो: "तो पंप कॅनिबल करून आणलाय." कारण सरळ होतं. बोटी सोव्हिएत, भाग सोव्हिएत, मोठी दुरुस्ती त्यांच्या गोदीत. आपल्याकडे या जातीच्या बोटी उघडून पुन्हा जोडण्याची सोय उभी व्हायला वेळ लागला. मागणी केलेला भाग येईपर्यंत बोट धक्क्याला. मग आठ बोटी अर्ध्यामुर्ध्या ठेवायच्या, की एक उघडून बाकीच्या चालत्या ठेवायच्या? (पहिल्या चारांनंतर १९७३-७४मध्ये वेला, वागीर, वागली, वागशीर अशा आणखी चार आल्या, त्या धरून आठ.) कुणाच्या तरी वाट्याला ते यायचंच होतं, तिच्या आलं.

आमच्या बोटीवर एका पंपाच्या बुडाला लाल रंगात दोन अक्षरं लिहिलेली होती, कुणीतरी बोटाने लिहावीत तशी. माझा चीफ सांगायचा, हा कुरसुराचा. खरं-खोटं देव जाणे. पण तो पंप रुसला की चीफ त्याच्यावर हात ठेवून म्हणायचा, "माहेरची आठवण आली वाटतं." आणि आम्ही तो उघडायचो.

मला खरं कौतुक दुसऱ्या गोष्टीचं वाटतं. उघडून रिकामी केलेली बोट सहसा परत येत नाही. भंगारात जाते. ही परत आली. जिचे अवयव काढून घेतले तिला पुन्हा उभी करून पुढे पंधरा-वीस वर्षं पाण्याखाली नेलं. पाण्याखाली नेलं म्हणजे काय ते लक्षात घ्या. अडीचशे मीटर खोलीपर्यंत जायला बांधलेली बोट. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर पंचवीस किलोचा दाब. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या खोल बुडीला सगळे आपापल्या कप्प्यात, दरवाजे बंद, आणि प्रत्येक जण आपल्या समोरच्या सांध्याकडे बघत असतो. लोखंड कुरकुरतं. कुणी बोलत नाही. मी अशा एका बुडीला होतो, वेगळ्या बोटीवर. ज्यांनी ते सांधे जोडले त्या गोदीतल्या माणसांपैकी काही जण बरोबर असायचे. ती पद्धत मला फार आवडायची. :)

दर्यावर्दी_पुणेकर

मस्त चाललाय धागा. उकाड्याचं कुणी बोललं नाही अजून. या बोटी मुळात उत्तरेच्या थंड समुद्रासाठी बांधलेल्या. १९६२च्या ऑक्टोबरात सोव्हिएतांनी याच जातीच्या चार बोटी क्यूबाकडे धाडल्या होत्या. उष्ण पाण्यात गेल्यावर आतलं तापमान इतकं चढलं की माणसं चक्कर येऊन पडायला लागली. त्यातल्या बी-१३०ची तिन्ही इंजिनं बसली, तिला ओढून घरी न्यावं लागलं. आणि बी-५९वर अमेरिकन विनाशिका डोक्यावर स्फोट करत असताना अण्वस्त्र लावलेला पाणतीर सोडायचा की नाही यावर वाद झाला. वासिली अर्खिपोव नावाच्या अधिकाऱ्याने नको म्हटलं. त्यानेही काही बुडवलं नाही, बरं का किनाऱ्यावरचे!

आपल्या लोकांनी त्याच बोटी तीन-चार दशकं उष्ण कटिबंधात चालवल्या. शेवटची वागली, २०१०च्या डिसेंबरात निवृत्त.

जुना तारवाला

उकाडा, हो. इंजिनाच्या कप्प्यात पन्नासच्या आसपास. अंगावर चड्डी-बनियन. गोडं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, अंघोळ जवळपास नाहीच. तीन जणांत दोन झोपण्याच्या जागा: एक पाळीवर गेला की त्याच्या घामाच्या गादीवर दुसरा. सातव्या कप्प्यात तर पाणतीराच्या नळ्यांच्या शेजारीच झोपायचं. सगळ्या बोटीला एकच वास, डिझेल, घाम, कोबी आणि बॅटरी यांचा मिळून. घरी आल्यावर बायको कपडे दोनदा धुवायची, तरी जात नसे. आमच्या चाळीत मी जिना चढायला लागलो की वरच्या मजल्यावरच्या मावशी ओरडायच्या, "आला गं तुझा रॉकेलवाला!"

आणि लोकांचा आवडता प्रश्न आधीच निकालात काढतो: संडास. खोलीवर असताना मैला बाहेर ढकलायला हवेचा दाब द्यावा लागतो. झडपा ठरलेल्या क्रमाने उघडायच्या. क्रम चुकला तर जे बाहेर जायचं ते आत येतं, तुमच्यासकट तुमच्या कीर्तीचंही व्हायचं ते होतं. प्रत्येक बोटीवर असा एक तरी इतिहासपुरुष असतो. मी नव्हे.

चौकस

=)) =))

एक प्रश्न. माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या सहा पाणबुड्यांना जुनीच नावं दिली ना? कलवरी २०१७, खांदेरी २०१९, करंज आणि वेला २०२१, वागीर २०२३, वागशीर २०२५. मग कुरसुरा आणि वागली का नाहीत?

खांदेरीकर

नावं आठ, बोटी सहा. दोन उरणारच. कुरसुराच्या बाबतीत माझा आपला अंदाज: ती अजून किनाऱ्यावर उभी आहे, मग तेच नाव दुसऱ्या बोटीला कसं देणार? हा निव्वळ तर्क, पुरावा मागू नका.

नव्या करंजचा सोहळा मात्र लक्षात राहिलाय. १० मार्च २०२१, मुंबई. प्रमुख पाहुणे ॲडमिरल विजयसिंह शेखावत. १९७१च्या युद्धात जुन्या करंजचे कप्तान तेच होते, वीरचक्र मिळालं, पुढे नौदलप्रमुख झाले. म्हणजे ३० नोव्हेंबरला भर समुद्रात कुरसुराने ज्या बोटीची गाठ घेतली, तिचेच कप्तान पन्नास वर्षांनी तिच्या नावाच्या नव्या बोटीवर उभे.

दर्यावर्दी_पुणेकर

या नव्या बोटीसुद्धा डिझेल-इलेक्ट्रिकच आहेत. काकांनी सांगितलेली स्नॉर्कलची गोम त्यांनाही चुकलेली नाही, फक्त आवाज खूप कमी. ती गोम कमी करण्यासाठी इंधनघटावर (फ्युएल सेलवर) चालणारी यंत्रणा आपल्या अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाली आहे. म्हणजे बॅटरी भरायला वर यायची गरज दिवसांवर ढकलता येते. त्यावर वेगळा धागा काढतो.

किनाऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार. एवढं काही मिळेल असं वाटलं नव्हतं.

काका, शेवटचं एक. तिथल्या गाईडने सांगितलं की निवृत्त झालेली असूनही कुरसुराला काही ठरावीक दिवशी झेंड्यांच्या माळांनी सजवतात, सेवेतल्या जहाजासारखं. हे खरं का?

जुना तारवाला

खरं. 'ड्रेसिंग शिप'चा मान तिला अजून आहे. निवृत्त बोटीला तो सहसा राहत नाही. आणि गाईड बहुतेक आमच्यातलेच असतात, निवृत्त नौसैनिक. पुढच्या वेळी त्यांना बॅटरीच्या खड्ड्याबद्दल विचारा, मग पाऊण तासात नाही सुटणार.

आता मी तुम्हाला एक विचारतो. तुम्ही डोकं आपटलं म्हणालात. दरवाजातून आत जाताना काय केलंत?

किनाऱ्यावरचा

काय करणार? वाकलो आणि डोकं आधी घातलं. घाटातल्या गुहेत शिरतो तसं.

जुना तारवाला

तेच! सगळे नवे तेच करतात. वरची दांडी दोन्ही हातांनी धरायची, पाय आधी आत टाकायचे, मागोमाग अंग आपोआप जातं. घंटा वाजल्यावर पंचाहत्तर माणसं सात कप्प्यांतून अशीच पळतात. आम्हाला ते शिकायला पंधरवडा आणि चार-पाच टेंगळं लागली.

किनाऱ्यावरचा

आत्ता मोबाईलमधला व्हिडिओ काढून बघितला. भाचा प्रत्येक दरवाजातून दांडीला लटकून, पाय आधी घालूनच गेलाय. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. व्हिडिओ त्याला पाठवतो, सोबत तुमचा वरचा प्रतिसाद.